ट्रॅक्टर लहान, यंत्र मोठं

"लहान तोंडी मोठा घास घेतलास," मोठे काका बाबांना म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

भांडण गवत कापायच्या यंत्राचं. आमचा ट्रॅक्टर लहान. शेळीएवढा म्हणा. दुकानात यंत्रं दोन. एक हलकं, कात्रीसारख्या पात्यांचं. काकांना ते हवं होतं. दुसरं खाली पाती लावलेल्या, गरगर फिरणाऱ्या ढोलांचं, दाट गवतातही अडकत नाही, पण जड. दुकानदाराने विचारलं, "ट्रॅक्टर केवढा?" बाबा म्हणाले, "चांगला मोठा आहे." मी तिथेच होतो. मी छताकडे पाहिलं.

जड घेतलं.

ओढ्याकाठचं गवत कमरेला लागत होतं. जनावरांचं वर्षाचं पोट तेवढ्यावरच. ऊन होतं, पण डोंगरामागे ढग जमायला लागलेले. वाळवून आत आलं तर आलं, भिजलं की कुजलं.

मी यंत्र ट्रॅक्टरच्या मागे जोडलं आणि उचललं. तर ट्रॅक्टरची पुढची चाकं वर. मी आभाळाकडे तोंड करून बसलो.

काका बांधावर बसलेले. मला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

बाबाही मलाच म्हणाले, "तुझ्या काकाला सांग, मला ऐकू येतं."

मग बाबांनी पोत्यात दगड भरून पुढे बांधले. पहिल्याच वळणावर पोतं फाटलं. दगड गवतात. एक जरी लागला तरी पातं गेलं. दुपारपर्यंत आम्ही वाकून दगड वेचत होतो. ढग डोंगर ओलांडून आले.

आई पाणी घेऊन आली. तिने ट्रॅक्टर पाहिला, ढग पाहिले. मग काकांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

काका वजनाने दणदणीत; ते बसले म्हणजे खाटेची परीक्षा.

"भाऊजी, तुम्ही बसता का पुढे?"

"ह्याच्या यंत्रावर? मेलो तरी नाही."

"राहू द्या मग. तुमची तांबडी गाय काय, बसेल उपाशी."

तांबडीचं नाव निघाल्यावर काका उठले. बाबांसमोर उभे राहिले. "दगडापेक्षा बरा का मी?"

"दादा," बाबा म्हणाले, "तू फाटणार नाहीस."

पुढे फळी बांधली. काका बसले. चाकं जमिनीला टेकली आणि टेकलेलीच राहिली. सगळं गवत कापून होईपर्यंत काका "मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं" म्हणत होते. इंजिनच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही. ढग दोन दिवस नुसतेच डोक्यावर बसून राहिले. वाळल्या गवताची शेवटची गाडी गोठ्यात गेली आणि मग पाऊस आला.

परवा शेजारचा गवळी आला. बाबांना म्हणाला, "यंत्र देता का, दोन दिवस? माझाही ट्रॅक्टर लहानच आहे."

"यंत्र खुशाल ने," बाबा म्हणाले. "दादा मिळणार नाही."

काका खाटेवर झोपलेले होते. म्हणजे डोळे मिटलेले होते. ते नुसते या कुशीवरून त्या कुशीवर झाले. खाट मात्र बराच वेळ कुरकुरत होती.