बेडूक वाहणारा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. रुंद तोंडाचा, दोन कानांचा आणि चांगला ढेरपोट्या. माझ्यातलं पाणी कधी कोणी प्यायलं नाही, की माझ्यात कधी कोणी बटाटे उकडले नाहीत. मी जन्मभर बेडूक वाहिले. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही एके काळी त्याचा भारी तोरा होता. आता मात्र कोणी नुसतं 'बेडूक' म्हटलं तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी माती सातासमुद्रापलीकडच्या उंच पहाडांतल्या तितिकाका तळ्याच्या काठची. मला जन्मभर पाठीवर वाहणाऱ्या बसिलियाच्या आईने मला घडवलं आणि लामा नावाच्या आमच्याकडच्या लोकरी जनावराच्या वाळल्या लेंड्यांच्या आगीत भाजून काढलं. गार झाल्यावर तिने माझ्यात पाणी भरलं, बोटाने टकटक करून पाहिलं आणि दम भरला, "गळलास तर याद राख!" मी गळलो नाही. थेंबभरसुद्धा नाही. त्या गोष्टीचा मला अभिमान वाटे. तोच पुढे माझ्या गळ्याशी आला.

आमच्या तळ्यातला बेडूक तुम्ही पाहिला नसेल. चांगला ओंजळभर असतो आणि कातडी इतकी ढिली, की थोरल्या भावाचा सदरा अंगात घातल्यासारखा दिसतो. पाऊस लांबला की गावचा जाणता सेलेस्तिनो अशा बेडकांची एक जोडी धरायला सांगे. माझ्यात तळ्याचं पाणी घालायचं, जोडी आत सोडायची आणि बसिलियाने मला रंगीत कापडात बांधून पाठीवरून डोंगरावर न्यायचं. माथ्यावर ऊन मी म्हणतं. त्या उन्हात बेडूक बिचारे ओरडू लागत. ते ओरडणं ऐकून आभाळातल्या देवाला कणव येते आणि तो पाऊस धाडतो, अशी गावाची श्रद्धा. तुमच्याकडेही पावसासाठी बेडकाला धरून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरतात, असं माझ्या कानावर आलंय. तेव्हा तुम्हाला यात नवल वाटायचं नाही.

एक नियम मात्र कडक होता. पाऊस पडो न पडो, जिने बेडूक वर नेले तिनेच दुसऱ्या दिवशी ते आपल्या हाताने तळ्यात परत सोडायचे. "पाहुणे आहेत ते आपले," सेलेस्तिनो बजावायचा. "पाहुण्याला बोलावणाऱ्यानेच पोचवायला जावं."

बसिलिया ते मनापासून करी. पाण्यात गुडघाभर उतरून म्हणे, "जा रे माझ्या बाळांनो, चुकलंमाकलं पोटात घाला." घरी आल्यावर माझ्या गळ्यात फुलं पडत, देवाला वाहायची कोकाची पानं ठेवली जात, दारूचे चार थेंब शिंपडले जात. चुलीवरचं काळंकुट्ट पातेलं जळफळे. "आले बघा जावईबापू," ते कुजबुजे. "वर्षातून एकदा डोंगर चढायचा आणि वर्षभर फुलं मिरवायची!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मग हवा फिरली. ते खोटं नाही हं. समोरच्या शिखरावरचं बर्फ टक्कल पडावं तसं मागे मागे सरकलं आणि बटाट्याला ऐन वेळी पाणी मिळेना. गावाने काय करावं? कोणीतरी म्हणालं, एका जोडीचा आवाज वर पोचत नाही. "देवही म्हातारा झाला असेल, कमी ऐकू येत असेल," असं हसत हसत दुसरा म्हणाला, आणि हसण्यावारी निघालेलं बोलणं सगळ्यांना पटलं. जोडीच्या जागी चार-सहा बेडूक जाऊ लागले, मग माझं पोट भरेल तेवढे. एकावर एक, पाय गळ्यात अडकलेले. मला ते सहन होत नव्हतं, पण माठाला कोण विचारतो?

त्याच सुमारास बसिलियाचे गुडघे धरले. चढताना ती कशीबशी चढे, उतरताना तिच्या डोळ्यांतून पाणी येई. तिचा धाकटा भाऊ रुफिनो मायेचा माणूस होता, हेही सांगायला हवं. तो म्हणाला, "अक्का, तू चढतेस तेवढं पुरे. उतरायचं माझ्यावर सोड. मीच सोडतो त्यांना तळ्यात."

"नियम नाही तसा," बसिलिया म्हणाली.

"नियम करणाऱ्यांचे गुडघे धड होते," रुफिनो म्हणाला. तिला हसू आलं आणि तिने मला त्याच्या हवाली केलं.

रुफिनो तळ्याच्या अंगाने उतरला नाही. तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाने उतरला, जिथे रस्ता आहे. मला मांडीवर घेऊन तो गाडीत बसला आणि आम्ही शहरात पोचलो. तिथे बाजारात एक बाई बेडकाचा रस काढून विकते. कातडी ओढून काढायची, मध घालायचा, औषधी मुळ्यांची पूड घालायची आणि यंत्रात घुसळायचं. अंगात ताकद येते म्हणून लोक पेल्यावर पेले रिचवतात. मी फळीवर होतो, मित्रांनो. मी सगळं पाहिलं. ती बाई माझ्या पोटावर थाप मारून म्हणाली, "ह्या माठातला माल जिवंत पोचतो बाबा. बाकीचे पोत्यात घालून मारून आणतात." माझं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, आत्ताच्या आत्ता तडकून जावं. एकदा जरी वाटेत गळलो असतो, तर त्या बाईने रुफिनोला दारात उभं केलं नसतं. पण मी कुठला गळतोय!

संध्याकाळी घरी आल्यावर बसिलियाने विचारलं, "सोडले?"

"सोडले," रुफिनो म्हणाला आणि त्याने तिच्या हातात गोड पाव ठेवला. बडीशेप घातलेला, अजून मऊ. तसा पाव आमच्या गावात मिळत नाही, तळ्याच्या वाटेवर तर नाहीच. बसिलियाने पाव नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारील. तिने विचारलं नाही. पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चुलीकडे तोंड फिरवून बसली.

त्यानंतर दर कोरड्या वर्षी हेच. पाऊस लांबायचा, माझं पोट भरायचं, आणि घरी गोड पाव यायचा.

हळूहळू कोळ्यांच्या जाळ्यात बेडूक दिसेनासे झाले. गावात एकच बोलणं, हवा बदलली, पाणी तापलं, म्हणून बेडूक मेले. अशात योबाना नावाची एक तरुण संशोधक बाई आली. ती दिवसचे दिवस पाण्यात बुडी मारून बेडूक शोधायची. मग तिने शाळेपुढे गाव जमवलं. माझ्यावर फुलं घालून मलाही मधोमध ठेवलं होतं.

"पाणी तापलंय, हे खरं आहे," योबाना म्हणाली. "पण माझं एक कोडं सुटत नाही. समोरच्या बेटावर जाऊन आले. तळं हेच, ऊन हेच, पाणीही तेवढंच कोमट. तिथे दगडाखाली हात घातला की बेडूक. मग इथेच का नाहीत?"

"बेटावर वारा असतो," एक जण म्हणाला.

"वारा आमच्याकडेही असतो, गेल्या साली माझं छप्पर नेलं की त्याने!" मागून आवाज आला. सगळे हसले.

"पोरी, तू शिकलेली आहेस," सेलेस्तिनो म्हणाला. "पण त्या शिखराकडे बघ. मी लहान असताना पायथ्यापर्यंत पांढरं होतं. हवेने बर्फ खाल्लं, ती बेडूक नाही खाणार?"

"खात असेल, आजोबा. मी नाही म्हणत नाही. पण सगळं तिच्या माथी मारण्याआधी दुसरं काही नाही ना, एवढं मला पाहायचंय." मग ती बसिलियाकडे वळली. "मावशी, तुम्ही डोंगरावर नेता ते बेडूक तळ्यात परत येतात ना?"

बसिलियाने रुफिनोकडे पाहिलं. रुफिनो जमिनीकडे पाहत होता. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल गं, आत्ता बोल!

"येतात की," बसिलिया म्हणाली. "मी स्वतः सोडते. ऊन बघा ना बाई, ऊन! त्यात काय जगणार?"

योबानाने मान डोलावली. तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? पुढे सरकारी माणसं आली, पाण्याची उष्णता मोजायचं यंत्र तळ्यात सोडून गेली आणि लालभडक सूर्य काढलेली एक पाटी काठावर ठोकून गेली. रस्त्याने शहरात जाणाऱ्या पिशव्या मात्र कोणी उघडून पाहिल्या नाहीत. आमच्या एका शब्दाने सगळं गाव आणि सगळं सरकार आभाळाकडे बघत बसलं.

मग आलं ते वाईट वर्ष. बटाट्याची पानं करपली. सगळा काठ धुंडाळून एकच बेडूक मिळाला. म्हातारी, जड अंगाची मादी होती. सेलेस्तिनोही कचरला. "एकटी कोणाला साद घालणार ही?" तो म्हणाला. बसिलियाने तेव्हाच तिला पाण्यात सोडायला हवं होतं. पण तिचं शेत जळत होतं. तिने मला पाठीवर बांधलं. मला माथ्यावर ठेवून निघताना भावाला म्हणाली, "रुफिनो, उद्या न्यायला मीच येणार. तू यायचं नाहीस."

"बरं बाई," रुफिनो म्हणाला.

ती मादी ओरडली नाही. नुसती माझ्या तळाशी बसून राहिली, आणि तिचा श्वास माझ्या अंगाला लागत होता. दुपार कलली आणि पाऊस आला! असा आला की खाली गावात ढोल वाजायला लागले. माझ्यात पाणी चढू लागलं. तेवढ्यात पलीकडच्या वाटेने रुफिनो आला. त्याने माझ्यात हात घातला, ओलं पोतं उघडलं आणि आल्या वाटेने निघून गेला. मी काठोकाठ भरलो होतो आणि मला काही म्हणजे काही करता आलं नाही.

बसिलिया उद्याची वाट न पाहता भर पावसात वर आली. काठी टेकत, घसरत, चिखलाने माखून. "आले गं बाई, आले," असं म्हणत तिने बाही सरसावली आणि माझ्या पोटात हात घातला. तळाशी फिरवला. कडेकडेने फिरवला. पुन्हा तळाशी. पाण्याशिवाय काही लागत नव्हतं, तरी ती कितीतरी वेळ चाचपत राहिली. मग माझ्या काठावर कपाळ टेकून तिने हंबरडा फोडला. खाली गाव नाचत होतं.

योबाना पुन्हा आली तेव्हा बसिलिया सगळ्यांदेखत उभी राहिली. "बाई, हवेला बोल लावू नका," ती म्हणाली. "इथले बेडूक आम्ही डोंगरापलीकडे विकले. ह्याने विकले आणि मी गप्प बसले."

"आणि पाव कोणी खाल्ला, अक्का?" रुफिनो उसळून म्हणाला. "तेव्हा गोड लागला ना?"

"लागला," बसिलिया म्हणाली. "म्हणूनच तर सांगतेय."

सेलेस्तिनो पुढे आला. त्याने माझ्या गळ्यातली फुलं काढून घेतली. ते बरंच केलं त्याने.

आता मी परसात पालथा पडलोय. गावाने विधी थांबवलाय, रस्त्यावर पाळीपाळीने माणसं बसतात आणि पिशव्या उघडून बघतात. बसिलिया रोज सकाळी काठावर जाऊन दगड उचलून पाहते. परत येताना तिच्या चालण्यावरूनच मला कळतं, आजही काही नव्हतं.

मित्रांनो, हवा बदलते आहे. तिची काळजी करा, जरूर करा. पण एखादं पाखरू, एखादा बेडूक, एखादा मासा दिसेनासा झाला, तर लगेच उन्हाला शिव्या घालून मोकळे होऊ नका. तो शेवटचा कोणाच्या हातात होता, ते आधी विचारा. आणि तो हात आपल्याच माणसाचा असला, तर जरा मोठ्याने विचारा.