उस्ता दरविशचे नाक

दरविशने दांडा खाली ओढला तसा पंपाचा आवाज बसला आणि गल्लीत ताठ पडलेली काळी नळी एकदम मऊ झाली. त्याने गाडीच्या मागचे रीळ उलटे फिरवले. नळी दोन वीत मागे आली आणि थांबली. पुन्हा फिरवले. रीळ कुरकुरले, नळी हलली नाही.

"अडकलं," तो म्हणाला.

मॅनहोलच्या कडेला उकिडवा बसलेला फर्गली आत डोकावत होता. "नोझल तोंडापाशीच आहे, उस्ता. परत येताना फुटक्या सांध्यात घुसलंय. सहा हात आत, जास्त नाही."

दोन दिवस मक्नसाचे वादळ अलेक्झांड्रियावर घोंघावत होते. मक्नसा म्हणजे केरसुणी. दरवर्षी नोव्हेंबरात येते आणि शहर झाडून काढते. यंदा तिने सगळा केर बाकोस भागाच्या गटारांत लोटला होता. गल्लीच्या वरच्या टोकाला काळे पाणी उंबरे ओलांडून घरांत शिरले होते. पाण्याच्या जोराने गटार मोकळे करायला सकाळी आठला ही गाडी आली. नळीच्या टोकाचे नोझल तुंबाऱ्यापर्यंत पोचले, त्यावर तासभर आदळले, पण तुंबारा हलला नाही. टोकदार नोझल लावावे म्हणून दरविशने ते परत ओढायला घेतले, तर आता ते पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"काय झालं? बंद का केलंत?" वरच्या टोकाकडून हाज्जा इन्साफ चिखलातून येत होती. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात घरातले पाणी उपसायचे पातेले. "माझ्या बहिणीचा पलंग विटांवर चढवलाय. आणखी दोन विटा लावल्या तर तिचं डोकं छताला लागेल. तिला उठता येत नाही, बाबा, सांगितलं ना सकाळी!"

"होतंय, हाज्जा. पाचच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं सकाळपासून ऐकतेय मी."

तिच्यामागून आणखी माणसे आली. कोपऱ्यावरचा न्हावी ज़की गळ्यात टॉवेल अडकवूनच आला. दुकानात पाणी, गिऱ्हाईक नाही, तेव्हा तो सकाळपासून इथेच सल्ले देत उभा होता.

"माणूस उतरवा की खाली," ज़की म्हणाला. "पहारीने एक ढुशी दिली की सुटेल. दोन मिनिटांचं काम."

फर्गलीने तोवर गाडीतून पहार काढलीच होती. कमरेचा पट्टा आवळून तो दरविशकडे बघत उभा राहिला. ही त्यांची नेहमीची रीत. झाकण अर्धा तास उघडे ठेवायचे, मग दरविशने वाकून वास घ्यायचा, मग फर्गलीने उतरायचे. गॅस मोजायचे यंत्र रमजानपासून दुरुस्तीला गेले होते ते परतच आले नव्हते. पण यंत्र होते तेव्हाही फर्गली आधी दरविशच्या तोंडाकडे बघायचा आणि मग काट्याकडे. खात्यातली माणसे म्हणायची, दरविशचे नाक म्हणजे दुसरे यंत्र. कुजलेल्या अंड्याचा वास किती जुना, कुठून येतोय, वाढतोय की विरतोय, सगळे तो वरूनच सांगायचा. नव्या पोरांना तो शिकवायचा, वास आला तर घाबरा. पण येता येता एकदम नाहीसा झाला तर पळा. तो वास नाकालाच मारून टाकतो, आणि नाकामागोमाग माणसाला.

गेल्या फेब्रुवारीत ताप आला. पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी बायकोने, नजातने, लसूण परतून मुलूखियाच्या पातळ पालेभाजीत ओतला, चर्र आवाज झाला, आणि दरविश वास येईल म्हणून वाट बघत राहिला. तो अजून वाटच बघत होता.

कुणाला सांगितले नाही. पहिले काही आठवडे वाटले, येईल परत. मग सांगायची वेळ टळून गेली. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि गोदामात झाकणे मोजत बसलेला दरविश त्याला स्वतःलाच दिसेना. त्याने दुसरी युक्ती काढली. वाकायचा, नाक फुगवायचा, आणि डोळ्यांनी भिंतीवरची झुरळे शोधायचा. झुरळे पळत असली की म्हणायचा, "चालेल." सुस्त दिसली की म्हणायचा, "थांबू या जरा." आजवर निभावले होते. पण रात्री नजात झोपली की तो उठून स्वयंपाकघरात जायचा आणि शेगडीची बटणे चाचपून यायचा. एकदा, दोनदा, तीनदा.

"उस्ता, काय म्हणतंय नाक?" फर्गलीने विचारले.

दरविश गुडघे टेकून वाकला. थंड, दमट हवा गालांना लागली. त्याने विजेरी मारली. भिंतीवर एकही झुरळ नव्हते. वादळाच्या पाण्याने वाहून गेली असतील. किंवा नसतील. खाली काळ्या चिखलात एक बुडबुडा आला, फुटला. आणखी एक आला.

"अहो, किती वेळ हुंगताय?" ज़की म्हणाला. "कोलोन आहे का ते?"

लोक हसले. हाज्जा इन्साफ हसली नाही. "माझ्या बहिणीला काय सांगू?" ती म्हणाली. "उस्ता वास घेतोय म्हणून सांगू?"

दरविशचे डोके काम करीना. जे खरे होते तेच तोंडातून निघाले.

"वास येत नाही."

फर्गलीने मान डोलावली. "वादळाने धुऊन निघालं असेल सगळं," असे म्हणत त्याने पहार खांद्यावर टाकली, कडेला बसला आणि पाय आत सोडून पहिली लोखंडी पायरी शोधली. मग दुसरी. त्याची कंबर जमिनीखाली गेली.

दरविशने झेप घेऊन त्याच्या सदऱ्याची मान धरली. इतक्या जोरात, की वरचे बटण तुटून आत पडले.

"अहो, काय करताय! गळा आवळेल माझा!"

"वर ये."

"वास नाही म्हणालात ना?"

"मला येत नाही," दरविश म्हणाला. "मलाच येत नाही, फर्गली. कसलाच. फेब्रुवारीपासून."

पंप बंद होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकले.  मग ज़कीने दोन्ही हात आभाळाकडे उचलले. "गटारवाल्याला वास येत नाही! याहून मोठी देवाची कृपा कोणती?"

हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणाले, माझ्या सासूच्या घरी राहणाऱ्यालाही ही कृपा मिळो. फर्गली तसाच उभा होता, कंबरेपर्यंत खड्ड्यात, दोन्ही तळवे रस्त्यावर टेकून. हसणारे हळूहळू गप्प झाले. तो वर आला. पहार जमिनीवर ठेवली. टाकली नाही, नीट ठेवली.

"फेब्रुवारीपासून मी किती वेळा उतरलो?" त्याने विचारले.

दरविशने खाली बघितले. "अकरा."

"मोजलंस."

फर्गलीने त्याला आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती. नऊ वर्षांत नाही.

"दर वेळी," दरविश म्हणाला.

फर्गलीने हातमोजे काढले, एकात एक घातले. तो ते मोजे पुन:पुन्हा दुमडत राहिला. "जूनमध्ये मला मुलगी झाली," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तू मला सिदी बिश्रच्या चेंबरमध्ये उतरवलंस. चालेल म्हणालास."



"मग आता काय?" ज़कीने टॉवेल काढला. "एवढंच असेल तर मी उतरतो. मला चांगला येतो वास."

"गप उभा राहा!" हाज्जा इन्साफ इतक्या जोरात ओरडली की ज़की मागे सरला. "तुझी आई माझ्या दाराशी येऊन रडेल ते काय तू निस्तरणार? माझं घर बुडलंय ते बुडलंय. त्याच्यापायी खड्ड्यात मेलेला माणूस नकोय मला." मग दरविशकडे वळून ती म्हणाली, "दुसरा काही उपाय आहे का नाही? असेल तर बोल."

उपाय होता. जुना, हाडे मोडणारा. वरच्या टोकाच्या चेंबरमधून, रस्त्यावरूनच, स्टीलच्या लांब सळ्या एकीला एक जोडत आत ढकलायच्या आणि तुंबारा मागून फोडायचा. तो फुटला की साठलेले पाणी धावत येईल आणि नोझलला आपोआप ढकलून सोडवेल. उतरायला दहा मिनिटे लागली असती. याला तीन तास, कदाचित चार.

वरच्या चेंबरवर एक जुनी फियाट उभी होती आणि तिचा मालक गावाला गेला होता. आठ जणांनी ती उचलून बाजूला ठेवली. फर्गलीने गाडीवरून सळ्या काढल्या. तो निघून जाईल असे दरविशला वाटले होते. गेला नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने पहिली सळी आत घातली.

एरवी ते दोघे हातांच्या खुणांवर काम करीत. साठ मीटरवरून फर्गलीने पंजा वर केला की दरविश दाब वाढवायचा, मूठ मिटली की थांबवायचा. आज फर्गलीने हात वर केला नाही. त्याने ज़कीला मध्ये उभे केले.

"त्याला सांग, पाणी सोड म्हणावं. थोडं."

"पाणी सोड, थोडं!" ज़की ओरडायचा, जणू दरविश बहिराही झाला होता.

"त्याला सांग, बंद."

"बंद!"

दरविश दांडा वर करी, खाली करी. काट्याकडे बघे, मग गल्लीच्या टोकाकडे, मग पुन्हा काट्याकडे. एका जागी त्याला उभे राहवेना. मॅनहोलभोवती त्याने गाडीला बांधायचा दोर चारी बाजूंनी लावला, तरी कुणी जवळ येतेय का म्हणून तो दर दोन मिनिटांनी वळून बघत होता. वर फर्गली वाकून सळी रेटत होता, मागे घेत होता, फिरवून पुन्हा रेटत होता. दुपारची अजान झाली. कुणीतरी त्याला फलाफलची भाकर नेऊन दिली. ती त्याने एका हातात धरून खाल्ली, दुसऱ्या हाताने सळी धरून ठेवली. दरविशलाही दिली होती. त्याची तशीच गाडीच्या पायरीवर राहिली.

तिसऱ्या प्रहरची, असरची अजान व्हायला आली होती तेव्हा जमिनीखालून धक्का जाणवला. वरच्या टोकाला बायकांचा ओरडा उठला. पाणी उतरत होते. दरविशच्या समोर नळीला हिसका बसला, ती सापासारखी उसळली आणि मॅनहोलच्या तळाशी काळा लोंढा आला. चरबीची ढेकळे, चिंध्या, अर्धी चटई, पुन्हा चरबी. लोंढा दुसऱ्या, तिसऱ्या पायरीवर चढला आणि मग खालच्या वाटेने निघून गेला.

आणि माणसे पळाली. कुणी ओरडले नाही, तोंडावर हात दाबून नुसती पळाली. दारातले म्हातारे उठून आत गेले. एक मांजर भिंतीवरून खाली पडल्यासारखे उतरले. ज़की विजेच्या खांबाला धरून ओकत होता. "उस्ता, मागे हो!" तो कसाबसा म्हणाला. "मागे हो, बाबा, मरशील!"

तेव्हा दरविश मागे सरला. चार पावले, सहा पावले. त्याला मात्र कसलाच वास आला नव्हता. गल्लीच्या टोकाला फर्गली हातात सळी धरून ताठ उभा होता आणि रिकाम्या मॅनहोलकडे बघत होता. मग सळी टेकवून तो खाली बसला. बराच वेळ उठला नाही.

तासाभराने नळी गुंडाळून झाली. हाज्जा इन्साफच्या घरात पोरींनी झाडू घेतले होते. आतून बहीण कुणाला तरी पलंग खाली घ्यायला बजावत होती, तिचा आवाज ठणठणीत होता. फर्गलीने सळ्या धुऊन गाडीवर चढवल्या, दोर आवळला. दोघे गाडी घेऊन ट्रामच्या थांब्याजवळ आले तेव्हा फर्गलीचा फोन वाजला. खात्याचे इंजिनियरसाहेब होते. एवढा मोठा आवाज होता की दरविशलाही ऐकू येत होता. एका गल्लीला अख्खा दिवस? माणूस का नाही उतरवला?

"मी नाही उतरलो," फर्गली म्हणाला. "यंत्र येईपर्यंत उतरणार पण नाही. लिहून घ्या तसं. फर्गली अब्दुस्सबूर, नाही म्हणाला."

पलीकडून काहीतरी विचारले गेले.

फर्गलीने दरविशकडे बघितले. दिवसभरात पहिल्यांदाच सरळ बघितले. "उस्ताचं उस्ता सांगतील," तो म्हणाला, आणि फोन दरविशच्या हातात देऊन थांब्याकडे चालू लागला. एरवी तो गाडीतूनच परत जायचा.

फोन घामाने ओला होता. दरविशने तो कानाला लावला.

"साहेब, दरविश बोलतोय," तो म्हणाला. "मला तुम्हाला फेब्रुवारीपासूनचं सांगायचंय."

ट्राम आली. दारे उघडली. दोन बायका भाजीच्या पिशव्या सावरत उतरल्या, एक म्हातारा चढला. कंडक्टरने फर्गलीला हात केला, चल. फर्गली दरविशकडे पाठ करून, खिशात हात घालून तसाच उभा राहिला. ट्राम निघून गेली.