शाल कार्यालयाची, नारळ तुमचा

टप्प!

घर अगदी गप्प होतं. दीक्षा संध्याकाळी ऑफिसातून आली आणि चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिली. तेवढ्यात माझ्या गोंड्यात अडकलेली डांबराची गोळी निसटली आणि फरशीवरून घरंगळत पलंगाखाली गेली. दीक्षा दचकली. तिनं आपल्या खांद्यांकडे पाहिलं.

"अगं बाई! हिला मी घरीच घेऊन आले?"

ती म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. पण कुणा एकाची नाही, अख्ख्या कार्यालयाची. सोलापूरच्या एका मागावर मी विणली गेले. रंग बदामी, काठ किरमिजी. विश्रांतवाडीतल्या एका छोट्या सरकारी कार्यालयानं मला विकत घेतलं. तिथं वस्त्यांमधलं पिण्याचं पाणी तपासतात.

कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, की मला कपाटातून काढत. भाषणं होत, टाळ्या पडत, फोटो निघे. फोटो निघाला रे निघाला, की हेडक्लार्क श्यामलाबाई हात पुढे करत. "द्या आता. शाल कार्यालयाची, नारळ तुमचा." दर वेळी नवी शाल घ्यायला आपण काय संस्थानिक आहोत का, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र फार अभिमान वाटे. किती गोड बोलत माणसं एकमेकांबद्दल! "तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळणार नाही," "तुम्ही या ऑफिसचा कणा होतात." मला वाटायचं, इथं रोज असंच बोलत असतील. कपाटाचं दार बंद. मला काय कळणार?

पुढे पुढे मी सारखी बाहेर येऊ लागले. आता तरणीताठी माणसंच नोकरी सोडून जायची. शिपाई मच्छिंद्रकाका एकदा म्हणाले, "बाई, हिला खुंटीलाच अडकवू या. कपाट उघडून उघडून बिजागरी ढिली झाली."

आज दीक्षाची पाळी होती. ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. जगदाळे साहेबांनी मला तिच्या खांद्यांवर घातलं आणि बोलायला उभे राहिले.

"गेल्या उन्हाळ्यात एका वस्तीच्या पाण्याचा दीक्षाताईंना संशय आला. त्यांनी नमुना पुन्हा तपासला. त्यांचा अहवाल वाचून मी त्याच दिवशी ते पाणी बंद करवलं. नाहीतर घरोघरी कावीळ झाली असती! वरच्या ऑफिसातून खास शाबासकीचा फोन आला होता."

टाळ्या वाजल्या. माझ्याखालचे खांदे मात्र एकदम ताठ झाले.

"साहेब," दीक्षा म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"अहो, आत्ता सांगतोय की! मुद्दाम भाषणासाठी राखून ठेवलं होतं."

मित्रांनो, मी पार हादरले. राखून ठेवलं होतं? कशासाठी, ती जायची वाट बघत?

"मला वाटायचं, माझे अहवाल कुणी वाचतच नाही," दीक्षा हळूच म्हणाली. "म्हणून तर मी सोडतेय."

तिचा राजीनामा उद्यापासून लागू व्हायचा होता. आजही मागे घेता आला असता. साहेबांच्या एका शब्दासाठी तिनं श्वास रोखून धरला होता. मला कळत होतं, मी तिच्या खांद्यांवरच होते ना.

साहेब घुटमळले. "तुमचं पक्कं ठरलंय, असं आम्ही धरून चाललो. पेढेसुद्धा आणलेत."

"फोटो राहिला," श्यामलाबाई म्हणाल्या.

फोटो निघाला. दीक्षा मला अंगावर घेऊन तशीच चालू लागली. श्यामलाबाईंचा हात सवयीनं पुढे आला आणि, पहिल्यांदाच, मागे गेला.

बाळांनो, मी निरोपाचीच शाल. सगळं चांगलं बोलणं मी ऐकलं, पण ते ऐकून थांबलेलं माणूस मी एकही पाहिलं नाही, कारण ते ऐकायला मिळायचं जातानाच. तुम्ही तरी असं करू नका. शाळेतल्या मावशींनी वर्ग छान झाडला, तर त्यांना त्याच दिवशी सांगा. त्यासाठी शाल लागत नाही.

इकडे घरी दीक्षा अजून खुर्चीतच होती. एवढ्यात तिची लेक संबोधी शेजारच्या घरून धावत आली. मला गालावर घासून म्हणाली, "आई, बक्षीस मिळालं तुला?"

"हो गं राणी."

"का?"

दीक्षानं तिला मांडीवर घेतलं आणि सगळं सांगितलं. ती वस्ती, ते पाणी, तो शाबासकीचा फोन, साहेब काय काय म्हणाले ते. संबोधीचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"आणि उद्यापासून तू तिथं जायचंच नाही?"

"नाही."

संबोधीनं आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"पण आई, तू एवढी चांगली होतीस, तर 'जाऊ नका' असं कुणीच कसं नाही म्हणालं?"