पाटीवरची ऊबदार जागा

मी एक जुनी पितळी पाटी आहे. माझ्या एका अंगावर नाव आहे, पण मित्रांनो, ते आता कुणालाच वाचता येत नाही.

कोरणाऱ्याने ते बोट रुतेल इतकं खोल कोरलं होतं. मागे पदव्यांची शेपटी! शहरातल्या बड्या रुग्णालयात मी एका शल्यविशारद बाईंच्या दारावर मोठ्या तोऱ्यात मिरवत असे.

एके दिवशी बाईंनी स्वतःच माझे स्क्रू काढले. त्या मिशनच्या दूरच्या दवाखान्यात निघाल्या होत्या. थोरला भाऊ तणतणला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस? वेड लागलंय तुला!"

"लागू दे, दादा. तिथे डॉक्टर नाही."

तिथे शस्त्रक्रियेची अवजारं ठेवायला ताटं अपुरी होती. बाईंनी मला पालथी घातलं आणि माझ्यावर चिमटे-कात्र्या मांडल्या. रोज उकळायचं, रोज घासायचं. खोटं कशाला बोलू, मला फार अपमान वाटला. नाव झिजत गेलं. बाईंना त्याचं काही नव्हतं.

भूल देण्याआधी त्या चिमट्याने माझ्यावर दोनदा वाजवत. घाबरलेल्या रोग्याला सांगत, "ऐकलंस? म्हणजे मी इथेच आहे."

बावीस वर्षांनी बाई वारल्या. भावाची मुलगी, तीही डॉक्टर, दवाखाना बंद करायला आली. चिमटे खोक्यात गेले. भर दुपारी तिने खोलीला कुलूप लावलं. आत मी एकटीच होते.

आणि मी वाजले. टण. टण.

वाजवणारा हात मला दिसला नाही. मी थंडगार होते, फक्त एका कोपऱ्यात ऊब जाणवली.

बाहेर म्हातारी नर्स म्हणाली, "ताई, ऐकलंत?"

"उंदीर असेल."

"उंदीर मोजून दोनदाच वाजवतो होय?"

तेवढ्यात खिडकीतून मला फाटकातून येणारी हातगाडी दिसली. गाडीवर एक अडलेली बाळंतीण होती. कण्हत ती नवऱ्याला म्हणाली, "मागच्या खेपेचाच आवाज आला... म्हणजे बाई आहेत."

भाची किल्ली हातात धरून उभी राहिली. मग कुलूप उघडलं. खोकं फोडलं, चिमटे उकळले.

"बाई आहेत ना?" टेबलावरून बाळंतिणीने विचारलं.

म्हाताऱ्या नर्सने खुणावलं तसा भाचीने चिमटा उचलला आणि माझ्यावर दोनदा वाजवला. "मी इथेच आहे," ती म्हणाली.

बाळ रडलं. भाची शहरात परत गेली नाही.

मित्रांनो, मला जपायचं म्हणून काचेत ठेवू नका. घासा, उकळा, वापरा. फक्त त्या ऊबदार कोपऱ्यावर हात टेकताना जरा हळू. तिथे आधीच कुणाचा तरी हात असतो.