मधली मोकळी जागा

बसच्या मधल्या सीटवर बसून तिने पहिला धडा तिसऱ्यांदा लावला, आणि तिसऱ्यांदाही तेच. अप्पांची एक ओळ संपते न संपते तोच दुसरी, दुसरीच्या शेपटाला धरून तिसरी. मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. तिने फोनचा आवाज पूर्ण वाढवला, डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि मग इअरफोन कानांतून हिसडून काढले.

“गाढवा,” ती रिकाम्या बसला म्हणाली, “काय करून ठेवलंस हे!”

बस शाळेची होती आणि गेली चौदा वर्षं तीच चालवत होती. सकाळची मुलं सोडली की दुपारी तीनपर्यंत बस शाळेमागच्या भिंतीलगत उभी. बाकीचे ड्रायव्हर त्या वेळात घोरत पडायचे, नाहीतर एकमेकांना बायकांची गाऱ्हाणी ऐकवायचे. तिला ते तास धड्यांसाठी हवे होते. म्हणून तर तिने धाकट्या भावाच्या मागे महिनाभर भुणभुण लावली होती, की अप्पांचे धडे माझ्या फोनमध्ये भरून दे. भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशी आली तरी घरात त्याला बाळ्याच म्हणत. तिचा फोन जुना, त्यात जागा म्हणाल तर नावाला, म्हणून बाळ्याने सगळे धडे लहान करून दिले होते. बत्तीसच्या बत्तीस. वर म्हणाला होता, “बघ, आवाज कसा खणखणीत आलाय.”

खणखणीत! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा, तिचे वडील, गाणं शिकवायचे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी घरी बसून हे धडे कॅसेटवर भरले होते, ज्यांना रोज येणं जमत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी. पद्धत अशी, की आधी अप्पा एक ओळ म्हणणार आणि मग तेवढाच वेळ गप्प बसणार. त्या गप्प वेळात ऐकणाऱ्याने ती ओळ म्हणायची. भरताना अप्पा तो वेळ बोटांवर मोजायचे. घरात चिडीचूप. नळ बंद, पंखा बंद, भांड्याला भांडं लागलं की त्या दिवशी कोणाची धडगत नसे. आई स्वयंपाकघराच्या दाराआड नुसती उभी असायची. दुसरं करणार काय? आणि उभ्या उभ्या, अप्पा गप्प झाले की, ती ओळ हलकेच म्हणायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

हे लेकीला कळलं ते बाराव्या वर्षी, कॅसेट लावून टेपरेकॉर्डरला कान चिकटवून बसली असताना. आवाज पूर्ण वाढवला की खरखरीच्या खाली, लांबवर, आई. तिने हे कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. सांगितलं असतं तर आई लाजेने पुन्हा कधी गायली नसती. आईला जाऊन आता अकरा महिने झाले होते, आणि तिचा आवाज या बत्तीस धड्यांखेरीज कुठेच नव्हता. लग्नांच्या व्हिडिओत कॅमेरा आला की आई पदर सावरत बाजूला व्हायची. फोटो पाहिजे तितके होते. फोटो काय बोलतो?

तीन वाजायला अजून अवकाश होता. बसला कुलूप लावून ती तरातरा दुकानाकडे निघाली.

बाळ्या एका फोनचं पोट उघडून बसला होता. डोळ्याला भिंग, हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर. बहिणीचा चेहरा बघून त्याने स्क्रू आधी डबीत टाकले, मग भिंग काढलं. लहानपणापासूनचा अनुभव होता त्याला.

“मधली जागा कुठे गेली?” तिने विचारलं.

“कसली जागा?”

“धड्यातली. अप्पा गप्प बसतात ती.”

“हां, ती!” त्याचा जीव भांड्यात पडला. “काढली ती. अगं, धडा चाळीस मिनिटांचा आणि त्यातली वीस मिनिटं नुसती शांतता. तिला कशाला जागा द्यायची? एक धडा चारशे एमबीचा होता, पाचवर आणलाय मी. तुझ्या त्या डबड्यात बत्तीस बसलेच कसे असते नाहीतर?”

“तिथे शांतता नव्हती.”

“होती गं. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज सॉफ्टवेअर आपोआप उडवतं. मी स्वतः स्क्रीनवर बघितलंय ना. रेघ सपाट होती.”

“सपाट रेघ?” तिने काउंटरवर हात आपटला, तशा डबीतल्या स्क्रूंनी उड्या मारल्या. “आई होती ती, मूर्खा!”

दुकानात कव्हर बघत उभा असलेला माणूस कव्हर जागेवर ठेवून बाहेर गेला. तिने सांगितलं. चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं, भर दुपारी, मोबाईलच्या काचा आणि चार्जरांच्या माळांमध्ये उभं राहून, ओरडत. बाळ्या ऐकत राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला.

“मला काय माहीत?” तो शेवटी म्हणाला. “तू कधी बोलली होतीस का?”

हे खरंच होतं, आणि खरं होतं म्हणून तिला आणखी चीड आली.

“मूळ फाइली दे. मोठ्या.”

तो काउंटर पुसायला लागला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“बाळ्या.”

“डिस्क भरली होती ताई. लहान करून झाल्यावर उडवल्या. त्यावर आता गिऱ्हाइकांचे फोटो चढलेत, व्हिडिओ चढलेत. मी काल परवा नाही, तीन आठवड्यांपूर्वी... आता नाही निघायच्या त्या.”

“कॅसेटी?”

“विद्यार्थ्यांकडच्या कधीच गेल्या. घरच्यांना बुरशी आली होती. आईनेच भंगारात दिल्या ना, सात वर्षांपूर्वी. मी सगळं कॉम्प्युटरवर घेतल्यावर.”

आईनेच. तिला हसू आलं असतं, इतका राग आला नसता तर. ती स्टुलावर बसली. बाळ्याने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही.

“तुला एकदा तरी वाटलं नाही,” ती म्हणाली, “की शिकणारा माणूस ओळ म्हणणार कुठे? ती जागा त्यासाठीच असते, एवढी तरी अक्कल?”

“वाटलं ना. मी अप्पांना विचारलं तसं.” तो चाचरला. “याच फाइली त्यांच्या विद्यार्थ्यांनाही जाणार होत्या; मी नुसतं साइज कमी करणार होतो. मधलं मोकळं काढ असं त्यांनीच सांगितलं. म्हटलं, मुलं म्हणणार कधी? तर म्हणाले, बटण दाबून थांबवतील, तू सांगितलं तेवढं कर.”

ती उठली. तशीच बाहेर पडली. बाळ्याला तिचं ओरडणं परवडलं असतं.

त्या संध्याकाळी मुलांना घरोघर सोडताना तिने तीनदा विनाकारण हॉर्न वाजवला. शेवटच्या स्टॉपवरची चिमुरडी रोज तिला टाटा करायची. आज ती मुकाट्याने उतरून पळाली. बस जमा करून ती थेट अप्पांकडे गेली.

अप्पा एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि अजून शिकवत होते. पाठ ताठ, दाढी घोटलेली, सदरा इस्त्रीचा. खुर्चीत बसून ते विद्यार्थ्यांच्या वह्या रचत होते, मोठी खाली, लहान वर. वर न बघता म्हणाले, “चप्पल बाहेर.”

ती चप्पल घालूनच आत आली.

“मधल्या जागा काढायला बाळ्याला तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“का?”

“फाइल लहान होते म्हणे त्याने.”

“मला नका शिकवू, अप्पा! त्या जागेसाठी तुम्ही अख्ख्या घराला वेठीला धरत होता. बाळ्याला खोकला आला म्हणून त्याला बाहेर पायरीवर बसवलं होतंत. आणि आज म्हणे फाइल लहान होते!”

अप्पांनी वह्या ठेवल्या. “आवाज खाली.”

“नाही होणार.”

अप्पांनी वह्यांची चवड सारखी केली. मग वर्गात शिकवायच्या आवाजात म्हणाले, “पूर्वी टेपवर ऐकायचे, तेव्हा चालून जायचं. हल्ली मुलं ती बोंडं थेट कानात खुपसतात. सगळं ऐकू येतं त्यांना. कोवळे कान. चुकीचा सूर एकदा आत गेला की निघत नाही.”

“कोणाचा चुकीचा सूर?”

“तुला माहीत आहे.”

चाळीस वर्षं ती समजत होती की हे तिचं एकटीचं आहे.

“ऐकू येत होतं तुम्हाला?”

“मी कानावर पोट भरलंय,” अप्पा म्हणाले. “दाराआड उभी राहिली म्हणजे काय मला ऐकू येणार नाही?”

“मग एकदा, एकदा तरी आत बोलवायचं होतंत!” आता ती खरंच किंचाळली. “जगाला शिकवलंत. ज्यांना दोन सूर कळत नाहीत अशा ठोंब्यांच्या मागे वर्षानुवर्षं बसलात. ती तुमच्या घरात उभी होती. तिला का नाही शिकवलंत?”

“तिने कधी विचारलं नाही.”

“तुम्ही विचारलंत?”

अप्पांनी वही उघडली, मिटली. चष्मा काढून पुसला. तिला वाटलं आता ते काहीतरी मऊ बोलतील, आणि ते बोलले तर आपण इथून निघून जाऊ. पण ते उसळलेच.

“चुकायची ती! कळतं का तुला? तुला फक्त आई ऐकू येते. मला चूक ऐकू येते. पाचवा धडा घे. मी म्हणतो...” त्यांनी गुडघ्यावर ताल धरला आणि म्हटलं, “वारा आला, पान हललं.” वयाने आवाज फुटला होता, तरी सूर जिथल्या तिथे बसला. “हे असं. ‘हललं’वर थांबायचं. आणि ती काय करायची?”

त्यांनी मान खाली घातली. पुन्हा म्हटलं तेव्हा आवाज अर्ध्यावर आला होता. ‘आला’च्या आधीच, ओळ सुरू होते न होते तोच, त्यांनी घाईने श्वास घेतला. ‘पान’ जरा लांबवलं. ‘हललं’वर सूर बोटभर खाली सोडला, आणि शेवटचं अक्षर पूर्ण न म्हणताच सोडून दिलं, कोणीतरी येतंय की काय म्हणून सोडावं तसं.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हे तिने शेकडो वेळा ऐकलं होतं. तोच घाईचा श्वास, तेच अर्धं सोडलेलं अक्षर.

“चूक!” अप्पा गुडघ्यावर हात आपटून म्हणाले. “सरळ सरळ चूक. आणि एकदा नाही. प्रत्येक वेळी तीच. नवव्या धड्यात ओळ बरोबर घेतली, तर दहाव्यात पुन्हा...” ते थांबले. ओठ हलत राहिले.

तिने चप्पल काढून बाहेर ठेवली. परत येऊन पंख्याचं बटण बंद केलं. पाती फिरायची थांबेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग स्वयंपाकघरात डोकावून नळ गच्च पिळला आणि अप्पांच्या समोर येऊन बसली.

“तुम्ही जे केलंत त्याचा मला राग आहे,” ती म्हणाली. “जाणार नाही तो.”

“नको जाऊ देऊस.”

तिने फोन काढला. रेकॉर्डिंग चालू करून तो वह्यांच्या चवडीवर, त्यांच्या तोंडासमोर ठेवला. अप्पांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“सहाव्यात काय चुकायची ती?” तिने विचारलं.

अप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, खुर्चीत सरकून पाठ सरळ केली.

“मधूनच काय सुरू करतेस?” ते खेकसले. “शिस्त म्हणून काही आहे की नाही? पहिल्यापासून घे.”