मी, उर्वी आणि बर्फाची ती सकाळ

मित्रांनो, अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावात, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारे गंजलेली निळी गाडी दिसली, तर ती मीच. गिरीशने मला घरी आणले तेव्हा माझे भारी कौतुक झाले होते. मग नवी गाडी आली आणि मी बर्फाखाली पडून राहिले. पुढे त्याची मुलगी उर्वी विद्यापीठात जाऊ लागली, तेव्हा कुठे माझे इंजिन पुन्हा धडधडले.

उर्वीने समाजशास्त्र निवडले. गिरीशला ते पटले नव्हते. लोकांशी गप्पा मारण्यासाठी नोकरी कोण देणार, असे तो माझ्यात बसून विचारायचा. अभ्यासासाठी ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटायची आणि विचारायची, अडचणीत तुम्ही कुणाला फोन करता?

एका फेब्रुवारीत, पडताच गोठून बर्फ होणारा पाऊस पडला. झाडे मोडली, वीज गेली. सकाळी उर्वी किल्ली घेऊन धावत आली. मागोमाग गिरीश. रस्ते काचेसारखे झालेत, जाऊ नकोस, असे त्याने बजावले.

"बाबा, मी अभ्यासासाठी भेटते ना, त्या संध्या मावशी फोन उचलत नाहीयेत."

"अगं, रिटायर्ड डॉक्टर आहेत त्या. किती ओळखी असतील."

"मलाही तेच म्हणाल्या. पण एकाचंही नाव सांगता आलं नाही त्यांना. जे सांगत नाहीत तेही ऐकायचं, हेच तर शिकतेय मी."

गिरीश दार उघडून तिच्या शेजारी बसला.

उतारावर माझ्या चाकांची पकड सुटली. मी आडवी घसरत गेले आणि तुटलेल्या विजेच्या तारेच्या जेमतेम अलीकडे थांबले. उर्वीने मला हळूच वळवले.

मावशींचे दार उघडेना. दोघे मागच्या बाजूने गेले. मी इंजिन चालू ठेवून थांबले. खूप वेळ कुणीच आले नाही. मग ते ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या मावशींना उचलून घेऊन आले. त्या स्वयंपाकघरात पडल्या होत्या. ओठ निळे, पण श्वास चालू होता. होती नव्हती ती सगळी ऊब मी त्यांना दिली.

हॉस्पिटलमध्ये त्यांना सोपवून गिरीश परत येऊन बसला. मग म्हणाला, "नाव न सांगता आलेले आणखी कोण आहेत?"

"दोघं."

"चल."

मावशी वाचल्या. उर्वी आता काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनात, वृद्धांसाठीच काम करते. मी थकले आहे, ब्रेक कुरकुरतात.

मित्रांनो, आम्हा गाड्यांची निगा राखा. आणि एकट्या माणसाच्या दारात बर्फावर पाऊल उमटलेले दिसले नाही, तर पुढे जाऊ नका. उतरा, दार वाजवा.