किल्लीवाल्याचा बास ड्रम

मित्रांनो, मी एक जुना बास ड्रम आहे. मी जमिनीवर आडवा बसतो. वाजवणाऱ्याने उजव्या पायाने पायडल दाबलं, की एक घट्ट गोळा माझ्या कातड्यावर येऊन आपटतो. हकीकत जन्मापासून सांगावी, अशी आम्हा वस्तूंची रीत आहे. पण मला आधी एक रविवार सांगायचा आहे, कारण त्यानंतर मला कुणी वाजवलेलं नाही.

त्या रविवारी विशेष असं काहीच घडलं नाही. टायरच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या बँडमधले चौघे जमले. गाणाऱ्या नर्सबाई ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. त्यांनी पांढरे बूट काढून भिंतीशी ठेवले. शाळेतले मास्तर बास गिटारच्या तारा जुळवत होते. गिटार वाजवणारा वायरमन अडकलेल्या पंख्याला शिव्या देत होता. "दुनियेचे पंखे दुरुस्त करतोस, हा कधी करणार?" नर्सबाई म्हणाल्या. माझा मालक, किल्ल्या बनवणारा, कठडा धरून सावकाश जिना चढून आला. मागे त्याची लेक. पाच गाणी झाली. घाम पुसत त्याने तिला विचारलं,

"खरं सांग. ताल सुटत नाही ना माझा?"

"नाही हो, बाबा. चला, जेवायला उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. आत तो स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता. पहिल्या गिऱ्हाइकाला वाटलं, डुलकी लागली आहे.

आता जन्माचं सांगतो. माझं अंग पातळ फळ्यांचं. सुताराने त्या वाफेवर नरम केल्या, साच्यावर वाकवल्या आणि सरळ होण्याची त्यांची ओढ मोडेपर्यंत आवळून ठेवल्या. मला वाटलं, आपल्या वाट्याचं दुखणं इथेच संपलं. मग मला एका मोठ्या हॉटेलने विकत घेतलं.

तिथल्या जेवणाच्या दालनात, एका कोपऱ्यात, हे चौघे संध्याकाळी वाजवायचे. हॉटेलची अट एकच होती: संगीत असावं, पण ते ऐकू येऊ नये. त्यासाठी माझ्या पोटात उशा आणि फाटके टॉवेल ठासून भरले होते. किल्लीवाल्याचा पाय पडला, की कुणी खोकला दाबावा तसा माझा आवाज व्हायचा. तरीही वेटर यायचा आणि अदबीने वाकून सांगायचा, "साहेब म्हणतात, ऐकू येतंय."

"हे कौतुक समजायचं का?" वायरमन विचारायचा.

"समजा. पण हळू आवाजात समजा," वेटर म्हणायचा. माणूस वाईट नव्हता.

अशी काही वर्षं गेली. एका संध्याकाळी नर्सबाई गात असताना वेटर पुन्हा आला. "बाई, जरा तोंडातल्या तोंडात."

नर्सबाई थांबल्या. त्या दिवशी त्यांच्या वॉर्डात एक लहान मूल गेलं होतं. "दिवसभर मी हळू बोलते," त्या म्हणाल्या. "कुणाचं मूल गेलं तरी हळूच सांगते. आता इथेही?" त्यांनी माईक खाली ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेल्या. मास्तर आणि वायरमन त्यांच्यामागे गेले. किल्लीवाल्याने राहिलेल्या पगारावर पाणी सोडलं आणि त्याच्या बदल्यात मला उचललं.

मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांमध्ये, त्याने माझं कातडं सोडवलं. आतल्या उशा, आतले टॉवेल ओढून बाहेर फेकले, कातडं पुन्हा चढवलं आणि एकच ठोका मारला. भांडी घासणारा माणूस धावत बाहेर आला. त्याला वाटलं, मांडणी कोसळली.

"हा आवाज होता याचा?" मास्तर म्हणाले.

"बँड काढू," किल्लीवाला म्हणाला. "रॉक बँड. लोकांसमोर, उभ्याने, मोठ्याने."

"नर्स, मास्तर, वायरमन आणि किल्लीवाला," वायरमन म्हणाला. "पोस्टरवर ही नावं लावली, तर लोक नळ दुरुस्तीला बोलावतील."

"माझी एक अट आहे," किल्लीवाला म्हणाला. "इतकी वर्षं खोटं वाजवलं. ज्या दिवशी मी मागे पडेन, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. मी पायडल सोडेन."

तिघांनीही शब्द दिला.

बस डेपोच्या कामगारांच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला. पहिल्या गाण्याला लोक हाताची घडी घालून बसले होते. तिसऱ्याला खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. एक मेकॅनिक येऊन माझ्यावर तळवा ठेवून गेला, म्हणाला, "हा छातीत वाजतो." माझं त्याहून मोठं कौतुक कधी झालं नाही. किल्लीवाल्याची लेक तेव्हा लहान होती. पडद्यामागे कोटांच्या ढिगावर बसून ती टाचेने ताल धरायची आणि तो एकदाही चुकत नसे.

मग दिवस फिरले. तयार संगीताची यंत्रं आली. हॉलवाले बोलावेनासे झाले. कधी महिनेच्या महिने मी गोणपाटाखाली पडून राहिलो, उंदरांनी माझी कड कुरतडली. पण रविवारी खोलीत जमायचं, ते चौघांनी सोडलं नाही.

गेल्या वर्षी ठोका उशिरा यायला लागला. सर्वांत आधी ते मला कळलं, कारण तो माझ्यावरच पडत होता. पायाच्या नसांचं दुखणं होतं. वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किल्लीवाल्याला दुखणं माहीत होतं, उशीर मात्र कळत नव्हता. कसा कळणार? मास्तर त्याच्या पायावर नजर लावून बसायचे आणि ठोका पडला की मगच तार छेडायचे. नर्सबाई श्वास लांबवायच्या. आयुष्यात कुणासाठी न थांबलेला वायरमनसुद्धा थांबायचा. सगळं जुळून यायचं. फक्त गाणी संथ होत चालली होती.

एकदा तो खाली गेलेला असताना मास्तर म्हणाले, "सांगायला हवं. शब्द दिलाय आपण."

"तुम्ही सांगा. नापास करायची सवय तुम्हाला," वायरमन म्हणाला.

"पोरांना करतो. मित्राला कसं करू?"

मग सगळ्यांनी लेकीकडे पाहिलं. "तो तुलाच विचारतो गं," नर्सबाई म्हणाल्या.

"पायडल सुटलं तर बाबा घरात बसून काय करतील?" ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बघते."

ते बघणं त्या रविवारपर्यंत चाललं.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना ओलीपासून जपा, आमच्यावरची धूळ पुसा, हे मी सांगेनच. पण मला सांभाळून घेता येत नाही; ठोका जसा पडेल तसा मी वाजतो. सांभाळून घेणं तुम्हा माणसांना येतं आणि तो गुण मोठा आहे. तरी कुणी खरं विचारलं, तर तो माणूस ऐकायला आहे तोवर त्याला खरं सांगा.

काल खोली रिकामी करायला चौघे आले, म्हणजे ते तिघे आणि लेक. वायरमनने तारा गुंडाळल्या. मला हात लावायला कुणी धजेना. लेक माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत बोलू लागली.

"बाबा, ताल सुटत होता."

"राहू दे गं आता," मास्तर म्हणाले.

"नाही, मास्तर. त्यांनी मला विचारलं होतं." तिचा आवाज चढला नाही. "वर्षभर सुटत होता, बाबा. मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. तुम्ही मागे पडत होता, आणि तुम्हाला मागे ठेवून पुढचा सूर लावायची आमच्यात एकाचीही तयारी नव्हती."